मन मोकळं करायला मोबाइल पुरेल का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. ओटा पुसला, दूध झाकलं आणि झोपायला निघाले, तर सोप्यात मोबाइलचा उजेड दिसला. आमच्या वन्सं भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहताच त्यांनी फोन पुढे केला आणि हळूच विचारलं, "वहिनी, मला वेड लागलंय असं लिहिलंय का हो यात?"

त्या प्रश्नाने माझ्या पोटात गोळाच आला. कारण फोनमध्ये ते ॲप घालून देणारी मीच होते!

वन्संचं सासर आमच्याच पलूस तालुक्यात, पण कृष्णाकाठी. आमचं कुंडल नदीपासून लांब, म्हणून पुराचं पाणी आमच्या उंबऱ्याला लागत नाही; पुरातली माणसं मात्र आमच्या उंबऱ्यात येतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची ४५ फुटांची खूण ओलांडून पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. याच तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली, माणसं गेली. वन्संच्या घरात छातीभर पाणी होतं. दोन म्हशी गेल्या, धान्य गेलं, लग्नातल्या साड्यांचा चिखल झाला. पुढे २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर.

घर पुन्हा उभं राहिलं, भिंतींना रंगही लागला. पण तेव्हापासून "कोयनेतून पाणी सोडलं" अशी बातमी आली, की वन्सं ट्रंक भरायला घेतात. रात्र रात्र झोप नाही, जेवण नाही. घरातले म्हणतात, "पावसाचं टेन्शन घेतेस उगाच." गेल्या वर्षी हे त्यांना चार दिवस माहेरी घेऊन आले, ते त्यामुळेच.

मी बी. ए. झालेले, दुपारी शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवते. मला वाटलं, डॉक्टरकडे चला म्हटलं तर वन्सं घाबरतील. मोबाइलवर मनाला आधार देणारी ॲप्स असतात असं वाचलं होतं. एक फुकटचं, मराठी दिसणारं ॲप उतरवलं आणि म्हटलं, "रोज दहा मिनिटं यात बघा." किती शहाणी मी!

त्या रात्री ॲपने त्यांना नऊ प्रश्न विचारले होते. शेवटचा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा. वन्संनी खरं ते उत्तर दिलं. त्याबरोबर पडद्यावर लाल पट्टी आली आणि तज्ज्ञांना त्वरित भेटा असा आदेश! खाली एक नंबर होता, तोही परदेशातला. रात्री अकरा वाजता, बाहेर धो धो पाऊस, आणि कृष्णाकाठच्या सहावी शिकलेल्या बाईला सांगायचं, "तज्ज्ञांना भेटा."

पुढे काय झालं ते सांगतेच. पण त्या रात्रीपासून मला एकच प्रश्न पडला. ही ॲप्स करतं कोण, आणि ती आपल्यासारख्या बायकांना चालतात की नाही, हे आधी कुणी तपासून पाहतं का?

ॲप म्हणजे असतं तरी काय?

काही ॲप्स श्वासाचे व्यायाम शिकवतात, काही रोजचं मन नोंदवायला सांगतात, काही प्रश्न विचारून गुण देतात. नऊ प्रश्नांची जी यादी वन्संना आली, तशी यादी डॉक्टरही वापरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. तापमापकासारखीच ती. ताप किती हे कळतं, ताप कशाचा हे कळत नाही. तापमापक हातात देऊन घरातली सगळी माणसं निघून गेली तर आजाऱ्याचं काय होईल? वन्संचं तेच झालं.

काही ॲप्स तर गप्पाच मारतात. ही कल्पना नवी नाही हं! १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम या प्राध्यापकांनी 'एलायझा' नावाचा कार्यक्रम केला. तुम्ही लिहिलेलंच वाक्य तो प्रश्न करून परत विचारायचा. त्याला समजत काहीच नव्हतं, तरी लोक त्याच्याशी मनातलं बोलू लागले, याचंच प्राध्यापकांना नवल वाटलं. आजची यंत्रं कितीतरी हुशार आहेत, पण माणसाची भूक तीच आहे. कुणीतरी ऐकावं.

ती भूक आपल्याकडे किती मोठी आहे पाहा. बंगलोरच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली. मनाच्या निरनिराळ्या आजारांत शंभरातल्या सत्तर ते ब्याण्णव माणसांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असं तीत दिसलं. डॉक्टर थोडे, गावं लांब, आणि वर "लोक काय म्हणतील" आहेच. म्हणून मोबाइलकडे आशेने पाहिलं जातं, आणि त्यात चूकही नाही.

सात बायका आणि एक ॲप

मी काही संशोधक नाही. पण आमच्या बचत गटाची बैठक झाल्यावर एका रविवारी मी सातजणींना थांबवून घेतलं, चहा ठेवला आणि तेच ॲप उघडून दिलं. कुणी खरी उत्तरं द्यायची नाहीत, नुसतं वापरून पाहायचं असं ठरलं. तासाभरात मला जे कळलं ते ॲप करणाऱ्यांनी ऐकायला हवं होतं.

पहिली अडचण फोनचीच. सातजणींत स्वतःचा स्मार्टफोन तिघींकडे. एकीकडे बटणांचा, बाकीच्यांना नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. हे फक्त आमच्याकडे नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांनीच स्वतः वापरायचा मोबाइल असल्याचं सांगितलं. खेड्यांत तर ४७ टक्क्यांच्या आसपास. तोही साधा धरून!

दुसरी अडचण शब्दांची. "कामात आनंद वाटत नाही का?" या प्रश्नावर एकजण हसलीच. "कामात कसला आनंद, बाई? काम ते काम." ऊस भांगलून आलेल्या बाईने या प्रश्नाला काय उत्तर द्यावं? "नैराश्य" म्हटल्यावर सगळ्या गप्प. पण मी विचारलं, "जीव रमत नाही, असं होतं का?" तर चौघी एकदम म्हणाल्या, "व्हय, ते हुतंय की!" घोर लागणं, जीव घाबरा होणं, डोक्यात चक्र फिरणं, मनाला लावून घेणं, आपल्या बोलीत मनाच्या दुखण्याला शब्दांची काय कमी आहे? ॲपला मात्र त्यातला एकही येत नव्हता.

तिसरी अडचण जागेची. ॲप म्हणालं, "शांत खोलीत एकट्या बसा." त्यावर एकीने विचारलं, "एकटी कुठं बसू? न्हाणीत?"

आणि चौथी सगळ्यात अवघड. दुसऱ्या दिवशी सकाळी ॲपने आपण होऊन पडद्यावर विचारलं, "काल तुम्ही दुःखी होता. आज कसं वाटतंय?" फोन होता नवऱ्याच्या हातात. घरात विचारणा झाली, "कसलं दुःख आहे तुला या घरात?" नशीब, हा आमचा खेळ होता म्हणून तिला सांगून सुटता आलं.

बसून, बघून, बदलून

चांगलं ॲप कसं करतात याची उदाहरणं शोधली तर ती आपल्या शेजारीच सापडली.

गोव्यातली 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून मनाच्या आरोग्याचं काम करते. तिने शाळेतल्या मुलांसाठी 'पॉड ॲडव्हेंचर्स' नावाचं ॲप केलं. आधी मुलांशीच बोलले, त्यांना कच्ची चित्रं दाखवली, शेजारी बसून मुलं कुठं अडतात ते पाहिलं आणि मग बदल केले. ॲपमध्ये गोष्टीतल्या पात्रांची अडचण सोडवायची आणि मग तीच रीत स्वतःच्या अडचणीला लावायची: अडचण नेमकी कोणती, मार्ग कोणकोणते, आणि त्यातला एक करून पाहायचा. मुलांकडे स्वतःचा फोन नसतो हे धरूनच चाललेले. शाळेतच फोन दिले, इंटरनेटशिवाय ॲप चालेल असं केलं, आणि अडलं तर मदतीला समुपदेशक ठेवला. शिक्षिका म्हणून मला हे फार पटलं. आमच्या नववीच्या मुलींच्या हातात घरी फोन आला, की मागे भाऊ उभाच असतो!

दुसरं उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्याचं. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने २०१३ ते २०१५ या काळात तिथल्या ४१ गावांत 'आत्मीयता' नावाचा उपक्रम चालवला. तिथे स्मार्टफोन दुःखी माणसाच्या हातात एकटा सोडलाच नाही. तो दिला गावातल्याच शिकवून तयार केलेल्या स्वयंसेवकांकडे. दारू, घरातली भांडणं, पैशाची ओढाताण अशा विषयांच्या छोट्या फिल्म त्यात होत्या. स्वयंसेवकाने तीन-चारजणांना बसवून फिल्म दाखवायची, मग बोलायचं. कुणाला फार त्रास दिसला तर भेटत राहायचं, गरज पडली तर डॉक्टरांपर्यंत पोचवायचं आणि सरकारी योजनेचा कागद भरायलाही मदत करायची. कारण पुष्कळदा मनाचा घोर पोटापाशीच सुरू झालेला असतो ना? पुढे गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात याची मोठी चाचणी झाली आणि लोकांचा त्रास कमी झाल्याचं दिसलं.

विरजणाची परीक्षा

आता चाचणी म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगते. तुम्ही नवं विरजण आणलं, दूध लावलं, दही छान लागलं. श्रेय विरजणाचं की वैशाखातल्या उकाड्याचं? कळायचं असेल तर एकच दूध दोन भांड्यांत घ्यायचं, एकाला जुनं विरजण, एकाला नवं, आणि दोन्ही भांडी शेजारी शेजारी ठेवायची.

मनाचंही तसंच आहे. दुःख काही वेळा काळाने आपोआप हलकं होतं. "ॲप वापरलं, बरं वाटलं" एवढ्यावरून ॲपचा गुण सिद्ध होत नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकून माणसांचे दोन गट करतात. एका गटाला ॲप, दुसऱ्याला नेहमीची साधी माहिती. ठराविक दिवसांनी दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारतात.

जागतिक आरोग्य संघटनेने लेबनॉनमध्ये असंच केलं. युद्धामुळे घरदार सोडून आलेल्या सिरियन लोकांसाठी आणि तिथल्या रहिवाशांसाठी मोबाइलवर पाच भागांची सचित्र गोष्ट तयार केली. तिच्यातलं माणूस त्यांच्यासारखंच, बोली त्यांचीच. आणि आठवड्यातून एकदा, पंधराएक मिनिटं, शिकवून तयार केलेलं एक माणूस संपर्क साधून विचारपूस करायचं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. ॲप मिळालेल्यांचं नैराश्य दुसऱ्या गटापेक्षा कमी झालं होतं. पण पुष्कळांनी कार्यक्रम मध्येच सोडला, हेही त्यांनी लपवलं नाही.

मध्येच सोडणं हे या ॲप्सचं मोठं दुखणं. २०१९ मध्ये एका अभ्यासात मनाच्या आरोग्याच्या कितीतरी ॲप्सची मोजदाद झाली. साधारण ॲपचं तीस दिवसांनंतर ते उघडणारं माणूस शंभरात तीन-चारच उरत होतं! मनाने खचलेल्या माणसाला रोज उठून ॲप उघडण्याचीच उभारी नसते. त्याला हाक मारणारं कुणी लागतं.

माणसाचा गुण किती, तेही गोव्यातच मोजलं गेलं. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, कुठलीही मोठी पदवी नसलेल्या पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका केल्या. २०१७ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत, तीन महिन्यांनी त्यातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं; नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. त्यांची रीतही साधी. मन लागेल तेव्हा काम करीन असं म्हणायचं नाही. आधी एक छोटं, आवडीचं काम ठरवून करायचं, मन मागून येतं. अंगणात चार रोपं लावा, शेजारणीकडे जाऊन या, जुनं शिवणकाम काढा. पण ते ठरवायला आणि "केलंस का गं?" म्हणून विचारायला समोर कुणीतरी हवं.

त्या रात्री

मी वन्संच्या शेजारी बसले. माझे हात थरथरत होते, तरी सरळ विचारलं, "वन्सं, जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारलं तर नसता विचार डोक्यात येईल अशी मला भीती होती. नंतर कळलं, तसं होत नाही. उलट विचारल्याने माणूस मोकळं होतं. वन्सं बराच वेळ रडल्या. मग म्हणाल्या, "करणार काही नाही हो. पण पाणी आलं तर या वेळी मी बाहेर निघायचीच नाही, असं वाटतं."

मी १४४१६ ला फोन लावला. 'टेलिमानस' ही सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. रात्रंदिवस चालते, मराठीतही बोलतात, आणि साध्या बटणाच्या फोनवरूनही लागते. पलीकडून एका मुलीचा आवाज आला. तिने आधी माझ्याशी, मग वन्संशी बोलणं केलं. वन्सं ज्या शब्दांत सांगत होत्या त्याच शब्दांत ती विचारत होती. अर्ध्या तासाने वन्सं म्हणाल्या, "झोपते आता." मीही त्यांच्याशेजारीच अंथरूण टाकलं. पुढच्याच आठवड्यात हे त्यांना सांगलीला डॉक्टरांकडे घेऊन गेले. औषध सुरू झालं, भेटी सुरू झाल्या. वेड वगैरे काही नव्हतं. पुराने दिलेलं दुखणं होतं, आणि त्यावर इलाज होता.

ॲप उतरवण्यापूर्वी एवढं पाहा

• मागे कोण आहे? रुग्णालय, विद्यापीठ, सरकार की नुसती कंपनी? 'वोबॉट' हे जगभर गाजलेलं गप्पांचं ॲप जून २०२५ मध्ये बंद झालं. ज्याच्याशी रोज बोलायचं तेच एका दिवशी नाहीसं होतं, हे लक्षात असू द्या.

• चाचणी झाली आहे का, आणि कुणावर? "लाखो लोक वापरतात" ही चाचणी नव्हे, जाहिरात आहे.

• अडीअडचणीला माणूस मिळतं का? मदतीचा नंबर आपल्या देशातला आहे ना, तो आधीच पाहून ठेवा. यंत्राशी गप्पा मारणारं ॲप असेल, तर जिवावरच्या गोष्टी त्याच्यावर सोपवू नका.

• आपलं गुपित कुठं जातं? 'बेटरहेल्प' या अमेरिकन कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिली, असा ठपका तिथल्या सरकारी आयोगाने ठेवला आणि २०२३ मध्ये कंपनीला ७८ लाख डॉलर भरावे लागले. ॲप तुमचे संपर्क, फोटो मागत असेल तर नकार द्या. झोपेच्या व्यायामाला फोटो कशाला हवेत?

• फोन दुसऱ्याच्या हातात जातो का? मग सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपच्या सूचना बंद करा, कुलूपही लावा. ते जमत नसेल तर ॲप नकोच. फोनवर बोला, त्यानंतर तो नंबर यादीतून पुसता येतो.

• पैसे आपोआप कापले जात नाहीत ना? "सात दिवस फुकट" याचा अर्थ आठव्या दिवशी काय, ते वाचा.

'टेलिमानस'चं ॲपही १० ऑक्टोबर २०२४ पासून आहे. पण माझं म्हणाल, तर आधी नंबर, मग ॲप.

आणि ॲप तयार करणाऱ्या मुलामुलींना एक सांगणं. पुण्या-मुंबईत बसून खूप शिकलेली माणसं तुम्ही, हे काम कराच. फक्त एकदा कुंडलला या. आमच्या बचत गटात बसा. नवऱ्याच्या फोनवर, गोठ्यातल्या उजेडात, एक दांडी नेटवर्कवर तुमचं ॲप चालवून पाहा. जीव रमत नाही, हे ज्याला कळेल ते ॲप आम्ही वापरू.

यंदा पाऊस लागला तेव्हा वन्संनी आपण होऊन फोन केला. "वहिनी, कोयनेचं पाणी सोडणार म्हणतात. झोप लागंना झालीय." मी म्हटलं, "मग?" तर म्हणाल्या, "मग काय, त्या नंबरला बोलले आत्ताच. आता तुम्हीपण बोला थोडं." ट्रंक भरून ठेवलीच होती त्यांनी, ते काही सुटलेलं नाही. पण या वेळी भरताना सूनबाईला हाताशी घेतलं होतं.

दुधाचा हिशोब लिहायच्या कॅलेंडरवर, गवळ्याच्या नि गॅसच्या नंबराखाली, मी १४४१६ लिहून ठेवला आहे. तुम्हीही आज लिहून ठेवा. आणि तुमच्या घरात, शेजारात एखादी जागत बसलेली असेल, तर तिच्या हातात फोन देऊन झोपायला जाऊ नका. तेवढं बसा तिच्याजवळ.